आपलं घर, दुसऱ्याचा संसार

कल्याणहून माळशेज घाट चढून जुन्नरला येणाऱ्या एसटीत बसलं, की बऱ्याच जणांच्या पिशवीच्या कोपऱ्यात एक जुनी, जड किल्ली असते. गावाकडच्या घराची. माझ्याही पिशवीत ती काही वर्षं होती, मग दहा वर्षं नव्हती. घर तेच, मालक तोच, पण किल्ली दुसऱ्याच्या संसारात गेली होती. आज त्या किल्लीविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. नोकरीसाठी बाहेर राहणाऱ्या माणसानं गावाकडचं घर भाड्यानं द्यावं का, आणि द्यायचं तर कसं द्यावं, याविषयी. मी वकील नाही, कविता लिहिणारा माणूस आहे. पण पुढच्याला ठेच, मागचा शहाणा असं आपण म्हणतो. मी पुढचा आहे आणि मला ठेच लागलेली आहे.

जुन्नर आणि आंबेगाव हे माणसं बाहेर पाठवणारे तालुके. मुंबईचे डबेवाले ज्या भागातून गेले, त्यात मावळ, मुळशी, खेडच्या जोडीनं हे दोन तालुकेही आहेत. गावच्या यात्रा आल्या की मुंबईतले डबे काही दिवस बंद राहतात, ते याच माणसांमुळे. नारायणगावला राहुट्या लावून बसणारे तमाशाचे फड हंगामभर गावोगाव फिरतात. धरणांनी, कालव्यांनी पाणी आणलं, ऊस, द्राक्षं, टोमॅटो आले, तरी घरटी एखादा मुलगा नोकरीला पुण्या-मुंबईला असतोच. अलीकडे आखातात आणि त्याही पलीकडे असतो. मागे राहतं ते घर आणि घराचं कुलूप.

दुसऱ्या बाजूनं याच तालुक्यांत बाहेरची माणसं येतात. शाळा-कॉलेजांतले शिक्षक, बँकेतले कर्मचारी, घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयात बदली होऊन आलेले लोक, टोमॅटोच्या हंगामात नारायणगावला येणारे व्यापारी, शिकायला आलेली मुलं. त्यांना खोली हवी असते. म्हणजे एकाच आळीत एका घराला कुलूप असतं आणि त्याच आळीतून एखादा मास्तर बायकोमुलांना घेऊन खोली विचारत फिरत असतो. हे आपल्याकडेच आहे असं नाही. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ३३ कोटी घरं मोजली गेली आणि त्यातली सुमारे अडीच कोटी रिकामी आढळली.

बंद घराचं काय होतं, हे जुन्या घरवाल्यांना सांगायला नको. पहिल्या पावसाळ्यात एखादं कौल सरकतं. ते बसवायला कुणी नसतं, म्हणून दुसऱ्या पावसाळ्यात वासा भिजतो. तिसऱ्या वर्षी वाळवी चौकटीपर्यंत येते. मळ्यातलं, उसाच्या कडेचं घर असेल तर अंगणात गवत माजतं, आणि आमच्या भागात माजलेलं गवत म्हणजे बिबट्याला आडोसा. घराला माणूस लागतो. चूल पेटली, दिवा लागला, सकाळी कुणी उंबरठा झाडला, की घर टिकतं. माझी अम्मा म्हणायची, "घर कू कुलूप नक्को रे लगाव." तिचं म्हणणं बरोबर होतं. चूक झाली ती माझी.

अब्बा गेले. मी बी. ए. होऊन १९९३ साली कल्याणला नोकरीला लागलो होतो. १९९६ मध्ये अम्माला माझ्याकडे घेऊन गेलो आणि जुन्नरच्या पेठेतलं आमचं घर एका शिक्षकांना भाड्यानं दिलं. भले गृहस्थ होते. ओटीवर बसून चहा झाला. भाडं ठरलं, अनामत म्हणून त्यांनी पाच हजार रुपये दिले. कागद कुणीच केला नाही. कागद मागणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं, असं मला वाटलं. त्यांनाही तसंच वाटलं असावं.

२००५ साली अम्मानं हट्ट धरला, की आता आपल्या घरी राहायचं. मी मास्तरांना सांगायला गेलो. ते म्हणाले, "आपलं ठरलं होतं, माझी बदली होईपर्यंत." मी म्हणालो, "नाही मास्तर, अम्मा परत येईपर्यंत ठरलं होतं." दोघांनाही आपापलं बोलणं स्पष्ट आठवत होतं. अनामतीचंही तेच. त्यांनी छपराची दुरुस्ती केली होती आणि ती रक्कम त्यात वळती झाली, असं ते समजून होते. मी अनामत तशीच शिल्लक आहे असं धरून चाललो होतो. दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं. तोंडी व्यवहारात फसवाफसवी व्हावीच लागते असं नाही. दोन प्रामाणिक माणसांच्या आठवणी वेगळ्या असल्या तरी पुरतं.

त्याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी कायद्याचं बघू. कारण घरमालकांच्या मनात या बाबतीत जी भीती आहे तिला इतिहास आहे.

मुंबई राज्यात १९४७ साली भाडेनियंत्रणाचा कायदा आला. घरांची टंचाई होती, भाडेकरूला रस्त्यावर काढणं सोपं होतं, म्हणून त्याला संरक्षण मिळालं. प्रमाण भाडं ठरवताना १ सप्टेंबर १९४० रोजी असलेलं भाडं हे माप धरलं गेलं. पुढे महागाई वाढली, भाडं तिथंच राहिलं. मुंबईत त्यातून पागडी आली आणि मालकांनी दुरुस्तीतून हात काढून घेतला. भाडेकरू नको म्हणून लोक 'लिव्ह अँड लायसन्स'कडे वळले. तेव्हा १९७३ मध्ये दुरुस्ती झाली, आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर राहत होते त्यांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं. तेव्हापासून 'घर दिलं की गेलं' हे वाक्य आपल्या बोलण्यात रुजलं. घराला कुलूप लावण्यामागे बहुतेक वेळा हीच भीती असते.

या भीतीच्या पोटी दोन समजुती जन्माला आल्या. एक म्हणजे, भाडेकरू बारा वर्षं राहिला की मालक होतो. हे खरं नाही. बारा वर्षांची मुदत आहे ती मालकाचा हक्क उघडपणे नाकारून बसलेल्या माणसाच्या ताब्याबाबत. भाडेकरू मालकाच्या परवानगीनं आत आलेला असतो. भाडं देत नुसता राहिला म्हणून तो मालक होत नाही. मात्र त्यानं भाडं दिलं आणि आपण घेतलं, याचा पुरावा आपल्याकडे हवा.

दुसरी समजूत अकरा महिन्यांची. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, असं आजही सर्रास सांगितलं जातं. याचं मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी त्यानं सक्तीची केली, म्हणून लोकांनी एक महिना कमी केला. पण आपल्या राज्यात महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याच्या ५५ व्या कलमानं ही पळवाट बंद केली. करार अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, भाड्याचा असो की लिव्ह अँड लायसन्सचा, तो लेखी हवा आणि नोंदलेला हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नुसत्या स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी केलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे. हा कायदा त्याच्या परिशिष्टांत दिलेल्या गावांना आणि शहरांना लागू आहे, तेव्हा आपलं गाव त्यात येतं का हे विचारून घ्यावं. पण गाव कुठलंही असो, नोंदणी केल्यानं नुकसान कुणाचंच होत नाही.

आता भाडेकरार आणि लिव्ह अँड लायसन्स यांतला फरक. दोन्हींचं मूळ १८८२ सालच्या कायद्यांत आहे. भाडेकरार हा मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यातला. त्यात घरातला एक हक्क ठरावीक काळापुरता दुसऱ्याकडे जातो. लायसन्स हे सुविधाधिकाराच्या कायद्यातलं. त्यात फक्त राहण्याची परवानगी मिळते, घरात हक्क निर्माण होत नाही. परत येण्याचा ज्याचा इरादा आहे, त्याला दुसरा मार्ग सोयीचा. १९९९ च्या कायद्यानुसार लायसन्सची मुदत संपूनही राहणाऱ्यानं घर सोडलं नाही, तर वर्षानुवर्षं दिवाणी कोर्टात न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दरानं भरपाई मागता येते.

खर्च किती येतो? लोक समजतात त्याहून फार कमी. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, आणि त्यात परत करायच्या अनामतीवर दरसाल दहा टक्क्यांनी व्याज धरून ती रक्कम मिळवतात. समजा भाडं महिना ६,००० रुपये, मुदत दोन वर्षं आणि अनामत २०,००० रुपये. दोन वर्षांचं भाडं १,४४,००० रुपये, अनामतीचं धरलेलं व्याज ४,००० रुपये. एकूण १,४८,००० वर शुल्क झालं ३७० रुपये. नोंदणी शुल्क ग्रामीण भागात ५०० आणि शहरी भागात १,००० रुपये. वर कागदपत्रांचा किरकोळ खर्च. दर बदलत असतात, म्हणून जाण्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयात विचारावं. आता ही नोंदणी आधार आणि अंगठ्याच्या ठशावर ऑनलाइनही होते, त्यासाठी रजा काढून गावी जावं लागत नाही. परदेशी असणाऱ्यानं भावाला किंवा विश्वासू नातेवाइकाला मुखत्यारपत्र द्यावं. ते तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून घ्यावं आणि राज्यात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथं मुद्रांकित करून घ्यावं.

पण कागदाच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारावा. घर नक्की कुणाचं आहे? आमचं घर अब्बांच्या नावावर होतं. ते गेल्यावर अम्मा, दोन बहिणी आणि मी, सगळेच वारस. मी मात्र बहिणींना न विचारता घर दिलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत, पण बोलल्या असत्या तर त्यांचं बरोबर होतं. खेड्यात ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा, नगरपालिका हद्दीत मिळकतीचा उतारा काढावा. वारसांची नावं लावून घ्यावीत. सगळ्यांची लेखी संमती घ्यावी. भाड्यात ज्याचा त्याचा वाटा पोचवावा.

करारात काय काय असावं? मुदत, भाडं, ते कोणत्या तारखेला आणि कोणत्या खात्यात द्यायचं, अनामत किती आणि कधी परत करायची. कुणी किती आधी सूचना देऊन घर सोडायचं वा सोडवून घ्यायचं. लाइट बिल आणि पाणीपट्टी कुणी भरायची, घरपट्टी कुणी. मीटर आपल्या नावावर असतो, म्हणून थकबाकीही आपल्याच गळ्यात येते, हे लक्षात ठेवावं. देताना मीटरचा आकडा लिहून घ्यावा. छोटी दुरुस्ती कुणाची, मोठी कुणाची, आणि भाडेकरूनं मोठी दुरुस्ती केली तर ते पैसे भाड्यातून वळते करायचे की अनामतीतून, हेही लिहावं. आमचा वाद याच एका ओळीअभावी झाला. घरात ठेवलेल्या सामानाची यादी करावी, भिंतींचे, छपराचे, नळांचे फोटो काढून दोघांनी जवळ ठेवावेत. राहायला येणाऱ्यांची माहिती पोलिस ठाण्याला द्यावी. भाड्याचं उत्पन्न आयकरात दाखवावं. घरपट्टी वजा जाता उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीच्या पावत्या जमवाव्या लागत नाहीत. आणि सहकारी सोसायटीत फ्लॅट असेल तर घर भाड्यानं दिलं म्हणून सोसायटी जे जादा शुल्क घेते, ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त असू नये, असा शासनाचा २००१ सालचा आदेश आहे.

इथवर मी मालकाच्या बाजूनं बोललो. पण बाहेर नोकरी करणारा माणूस एकाच वेळी दोन्ही असतो. गावात मालक आणि शहरात भाडेकरू. १९९३ मध्ये कल्याणला मी खोली शोधत होतो. खोली पसंत पडायची, भाडं जमायचं, मग नाव विचारलं जायचं. नाव सांगितलं की खोली कालच दुसऱ्याला दिलेली निघायची. असं बऱ्याचदा झालं. शेवटी एका आजींनी नाव ऐकल्यावर एवढंच विचारलं, "पाणी सकाळी पाचला येतं, उठशील ना बाबा?" त्या खोलीत मी सहा वर्षं राहिलो. पुढे मी स्वतः भाडेकरू निवडायला लागलो तेव्हा आडनाव विचारायचं नाही, एवढं पथ्य पाळलं. पाणी कधी येतं ते मात्र सांगतो.

भाडेकरूचेही हक्क आहेत. घेतलेल्या प्रत्येक रकमेची पावती देणं कायद्यानं बंधनकारक आहे. घर सोडावं म्हणून त्याचं पाणी तोडणं, वीज बंद करणं हा गुन्हा आहे. तो आत राहत असताना ते त्याचं घर आहे. वेळी-अवेळी दार वाजवून 'आपलंच घर आहे' म्हणत आत शिरू नये. आणि अनामत ही त्याची ठेव आहे, आपली कमाई नव्हे. ती खर्च करून टाकली तर परत देण्याच्या दिवशी भांडण ठरलेलं.

आमच्या जुन्नरच्या डोंगरांत लेणी आहेत. त्यांतल्या काही शिलालेखांत कारागिरांच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याच्या नोंदी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसांचा एकमेकांवर विश्वास नव्हता असं कोण म्हणेल? विश्वास होता, म्हणूनच त्यांनी व्यवहार दगडात लिहून ठेवला. पुढे याच गावात कागद तयार व्हायचा, जुन्नरी कागद म्हणून तो ओळखला जायचा. अशा गावचा मी, आणि माझ्याच घराचा व्यवहार मी ओटीवरच्या चहावर सोडला.

आता राहिलेली गोष्ट. २००५ च्या जून महिन्यात मी अम्माला घेऊन जुन्नरला आलो, तेव्हा आम्ही उतरलो समोरच्या काकूंकडे. अम्मा त्यांच्या पडवीत बसून आपल्याच घराकडे बघायची. मास्तरांचा मुलगा दहावीत होता. वर्षाच्या सुरुवातीला त्याला घेऊन कुठे जायचं, हा त्यांचा प्रश्न खरा होता. कोर्टात जा, असं मला दोघा-तिघांनी सुचवलं. शेवटी आळीतली वडीलधारी माणसं बसली आणि तोडगा निघाला. रस्त्याकडच्या खोलीला वेगळं दार होतं, ती अम्मासाठी मोकळी करायची. परीक्षा झाली की एप्रिल २००६ अखेर मास्तरांनी घर सोडायचं. दुरुस्तीचे निम्मे पैसे अनामतीतून वळते करायचे, बाकी परत द्यायचे. हे सगळं लिहिलं, दोघांनी सह्या केल्या. दहा वर्षांत आमच्यातला तो पहिला कागद.

ते दहा महिने अम्मा आपल्या घरातल्या एका खोलीत राहिली. त्या वर्षी दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आली. आधी फराळाचं ताट पुढच्या खोलीत आलं, मग शीरखुर्म्याचं पातेलं मागे गेलं. अम्माच्या गोळ्यांच्या वेळा मास्तरांच्या पत्नीच पाळायच्या. दहावीचा अभ्यास करणारा मुलगा रात्री अम्माच्या खोलीत येऊन बसायचा, कारण तिथं शांत असायचं. एप्रिलअखेर ठरल्याप्रमाणे मास्तरांनी घर सोडलं. सामानाचा टेंपो गेला आणि सगळं घर अम्माचं झालं. मी विचारलं, "अब तो खुश?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "घर फिर खाली हो गया." २००९ मध्ये ती त्याच घरात गेली.

एक वर्ष मी घराला कुलूप लावलं. त्या पावसाळ्यात छत गळलं. मग पुन्हा घर भाड्यानं दिलं, या वेळी बहिणींच्या सह्या घेऊन, नोंदणी करून, पावत्या देऊन. आता तिथं तिसरं कुटुंब राहतं आहे. कुणाशीही वाद झालेला नाही. पुढच्या खोलीची एक किल्ली माझ्याकडे असते, तेही करारात लिहिलेलं आहे. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली आहेत. माझ्या परतीची तारीख आत राहणाऱ्यांना आजच माहीत आहे, आणि त्यांना नवीन खोली शोधायला सहा महिने द्यायचे, हे मला माहीत आहे. दोघांनाही रात्री नीट झोप लागते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)